उचलणं लोडरचं, पेलणं गाडीचं

बसून चालवायची गवतकापणीची गाडी आता गोव्यात नवलाची राहिलेली नाही. हॉटेलांच्या हिरवळीवर, मोठ्या बंगल्यांच्या आवारात, माडांच्या सपाट भाटांत ती फिरताना दिसते. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही महिने ती राबते. मग गवत करपतं आणि गाडी शेडमध्ये उभी राहते. नेमकं तेव्हाच आवारात शेणखताचा ढीग पडलेला असतो, वाटेवर पसरायला खडी आलेली असते, माडाची चुडतं (झावळ्या) आणि नारळाची सोडणं गोळा करायची असतात. मोबाईलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवतो: अशाच गाडीला पुढे दोन लोखंडी हात, त्यांच्या टोकाला बकेट, म्हणजेच लोडर, आणि गाडी आरामात माती उचलते आहे. हे आपल्या डिचोलीच्या किंवा फोंड्याच्या वेल्डरकडून करून घेता येईल का, हा प्रश्न त्यातूनच येतो.

येईल. चांगला वेल्डर, लेथवाला आणि हायड्रॉलिक पाइप दाबून देणारं दुकान, एवढ्यावर लोडर उभा राहतो. फसगत होते ती दुसरीकडे. लोडर वजन उचलतो, पण ते पेलायचं असतं गाडीने, आणि ही गाडी बनवणाऱ्याने ती फक्त माणूस आणि पाती वाहण्यासाठी बनवलेली असते.

## आधी गाडी कोणती आहे ते पाहा

पुढे इंजिन, मागे सीट आणि पोटाखाली पात्यांचा डबा, ही नेहमीची लॉन ट्रॅक्टर. तिची चौकट सुमारे अडीच-तीन मिलिमीटर जाड पत्रा वाकवून केलेली असते. पुढच्या चाकांचे दांडे बहुधा पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर जाडीचे. हिला छोटा लोडर जमतो, पण तयारी बरीच करावी लागते.

तिची थोरली बहीण म्हणजे गार्डन ट्रॅक्टर. जाड चौकट, ओतीव लोखंडाचा पुढचा आस, इंचभर जाडीचे दांडे, मागे २३ इंची टायर. अमेरिकेत १९६० च्या दशकापासून लोडर बसत आले ते अशाच गाड्यांवर. व्हिडिओतली गाडी बहुतेक वेळा हीच असते आणि आपल्या शेडमधली पहिली. व्हिडिओ पाहून काम काढताना सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

तिसरी, जागच्या जागी गर्रकन फिरणारी, स्टिअरिंगऐवजी दोन दांड्यांची झिरो-टर्न. हिला लोडर लावू नका. तिची पुढची चाकं खुर्चीच्या चाकांसारखी नुसती लोळतात. चालणं, वळणं, थांबणं ही तिन्ही कामं मागची चाकं करतात. पुढे वजन आलं की मागची चाकं हलकी होतात आणि तिन्ही गोष्टी एकदम हातातून जातात.

## शंभर किलो म्हणजे नक्की किती?

कागदावर एकदा हिशोब मांडू. गाडी २२० किलोची, चालवणारा ७० किलोचा, पुढच्या आणि मागच्या आसात अंतर १.२ मीटर. पात्यांचा डबा काढून ठेवला की आकडे थोडे कमी होतील, पण चित्र तेच राहील. एरवी पुढच्या आसावर साधारण ११८ किलो येतं आणि मागच्यावर १७२.

आता ८० किलोचा लोडर बसवा. त्याचं वजन पुढच्या आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे आहे असं धरा. बकेटमध्ये १०० किलो माल घ्या, तो आसाच्या ८० सेंटिमीटर पुढे. पुढचा आस इथे तराजूच्या काट्यासारखा वागतो. पुढचं वजन खाली दाबतं आणि मागची बाजू वर उचलतं. मालामुळे मागचा आस १०० × ०.८ ÷ १.२ म्हणजे ६७ किलोने हलका होतो आणि लोडरमुळे आणखी २० किलोने. मागून उठलेलं हे वजन कुठे जात नाही, तेही पुढच्याच आसावर येऊन बसतं.

म्हणून पुढच्या आसावर ३८५ किलो येतात आणि मागे ८५ उरतात. बकेटमध्ये घातले शंभर, पण पुढच्या आसाचा भार तिपटीहून जास्त झाला.

या गाड्यांचा ब्रेक मागच्या आसावरच चालतो आणि चालनही मागच्याच चाकांना असतं. मागे ८५ किलो उरले असताना उतारावर ब्रेक दाबला तर चाकं थांबतात, गाडी घसरत राहते. आपल्याकडच्या लाल मातीवर पहिल्या सरीनंतर तर हे हमखास होतं.

## तीन पायांची तिपाई

चाकं चार दिसतात, पण गाडी तीन बिंदूंवर उभी असते. पुढचा आस मधोमध एका पिनेवर झुलतो, म्हणजे खड्ड्यातून जाताना चारही चाकं जमिनीला टेकून राहतात. त्यामुळे चौकटीला आधार तीनच: मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. तिपाईचा त्रिकोण मागे रुंद आणि पुढे टोकदार.

रिकाम्या गाडीचं वजन त्रिकोणाच्या रुंद भागात पडतं. मागच्या चाकांतलं अंतर ७५ सेंटिमीटर धरलं, तर कलंडायच्या आधी दोन्ही बाजूंना सुमारे २२ सेंटिमीटरची मुभा असते. वरच्या हिशोबातला भरलेला लोडर लावला की वजनाचा मध्य टोकाकडे सरकतो आणि मुभा उरते प्रत्येक बाजूला फक्त ७ सेंटिमीटर. त्यात बकेट छातीइतकं वर धरलेलं असेल आणि एक चाक जांभ्या दगडाच्या चिऱ्याच्या तुकड्यावर चढलं, तर गाडी आडवी होते. पुढच्या आसाचं झुलणं एका मर्यादेला अडतं हे खरं, पण तोवर कलंडण्याला वेग आलेला असतो. या गाड्यांना डोक्यावर संरक्षक कमान नसते, हेही लक्षात असू द्या.

भरलेलं बकेट नेताना जमिनीपासून वीतभरच वर ठेवायचं ते यासाठी. उतारावर आडवं जायचंच नाही. चढ चढताना बकेट पुढे, आणि उतरताना तसंच रिव्हर्समध्ये खाली यायचं, म्हणजे जड टोक कायम वरच्या बाजूला राहतं आणि मागच्या चाकांवर वजन टिकतं.

## मागचा धोंडा

जुन्या विहिरींवर पाणी काढायच्या आडव्या वाशाच्या बुडाला धोंडा बांधलेला असायचा. लोडरचं तेच आहे. मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर मागे १०० किलो लटकवले की वरचे आकडे बदलतात: पुढे ३३५, मागे २३५. मागची चाकं जमीन धरतात, ब्रेक लागतो, कलंडण्याची मुभा ७ वरून १५ सेंटिमीटरवर जाते.

इथे एक बारकावा आहे. मागच्या टायरात पाणी भरलं किंवा चाकांना वजनं लावली तर मागची पकड वाढते, पण पुढच्या आसावरचा एक किलोही कमी होत नाही, कारण ते वजन मागच्या आसावरच बसतं. आसाच्या मागे लटकवलेलं वजनच पुढचा आस उचलून धरतं. वरच्या हिशोबात पुढचे ५० किलो त्यामुळेच कमी झाले. पैसा आणि कष्ट थोडेच असतील तर ते आधी मागच्या वजनावर घाला. ४० लिटरचा पत्र्याचा डबा काँक्रीटने भरला की सुमारे ९५ किलो होतात. त्यात ओतण्याआधीच बोल्टांसह अँगल बसवून घ्यावेत.

टायरात पाणी भरायचंच असेल तर थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून क्षार घालतात आणि त्याने रिम गंजते. गोव्यात साधं पाणी पुरतं. व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणून त्याच्या पातळीपर्यंत भरा. २० इंची टायरात साधारण २० लिटर मावतं.

## बकेट लहान का?

कारण चालवणारा बकेट नेहमी शिगोशीग भरतो. वजन मोजून भरणारा कोणी नसतो, म्हणून मर्यादा बकेटच्या आकारातच ठेवायची. माती आणि खडी लिटरमागे सुमारे दीड-पावणेदोन किलो भरते, ओली चिकणमाती दोनच्या जवळ जाते. शंभर किलोचं ध्येय असेल तर बकेट ६० लिटरचं, म्हणजे पाच-सहा घमेल्यांचं. रुंदी मात्र पुढच्या चाकांच्या बाहेरच्या कडांइतकी, साधारण एक मीटर, हवी. नाहीतर चाकं ढिगावर चढतात आणि बकेट मधेच राहतं. रुंद पण उथळ, ३० सेंटिमीटर खोल आणि मागे ३० सेंटिमीटर उंच, असं बनवायचं. पत्रा ३ मिलिमीटर, आणि ओठाला ७५ बाय ८ मिलिमीटरची पट्टी. सुकी पानं, चुडतं, लाकडाचा भुसा यांसाठी वर जाळीची वाढीव भिंत लावता येते. ती खडीच्या दिवशी काढून ठेवायची.

एक चिरा सहज २५-३० किलोचा असतो. चार चिरे म्हणजे बकेट भरलं. उंच उचललेल्या बकेटमधून चिरा हातांवरून घरंगळत थेट चालवणाऱ्याच्या मांडीवर येऊ शकतो, म्हणून उचलण्याची उंची एक मीटरपाशी थांबवा. छोट्या ट्रॉलीत माल टाकायला तेवढी पुरते.

## सांगाडा आणि वेल्डिंग

लोडरचे उभे खांब गाडीच्या पत्र्याच्या चौकटीला थेट जोडले की काही आठवड्यांत बोल्टच्या भोकांपासून तडे जातात. उपाय म्हणजे खालून दुसरी चौकट: ५० बाय ५० बाय ३ मिलिमीटरच्या दोन चौकोनी नळ्या, मागच्या आसापासून पुढच्या आसाच्या आधारापर्यंत. खांब या नळ्यांवर उभे करायचे, आणि नळ्या गाडीला एम-१२ जाडीच्या ८.८ दर्जाच्या बोल्टांनी जोडायच्या. गाडीच्या चौकटीवर वेल्डिंग टाळा. पावसाळ्यात पुन्हा गवत कापायला लोडर उतरवायचा असतो, तो चार पिना काढून उतरला पाहिजे.

हातांना ८० बाय ४० बाय ३.२ मिलिमीटरची आयताकृती नळी घ्या. ती ८० ची बाजू उभी ठेवूनच. दोन्ही हात पुढे एका जाड आडव्या नळीने जोडा, नाहीतर बकेटचा एक कोपरा अडकला की एक हात वर आणि दुसरा खाली असा पीळ बसतो. हाताच्या वरच्या-खालच्या पृष्ठभागावर मधोमध आडवं वेल्डिंग करू नका. ताण तिथेच सर्वाधिक असतो आणि तडा तिथूनच जातो. पट्टी जोडायचीच तर बाजूच्या उभ्या भिंतीवर जोडा.

पिना २० किंवा २५ मिलिमीटरच्या, ईएन-८ पोलादाच्या, त्या ज्यांत फिरतात ते बुश लेथवर नीट बोअर केलेले, प्रत्येकाला ग्रीस निपल. उजव्या-डाव्या बाजूची भोकं एका रेषेत आली नाहीत तर लोडर वर जाताना अडकतो आणि मग लोक तेलाचा दाब वाढवत बसतात. म्हणून टाके मारताना दोन्ही खांबांच्या बुशांतून एकच लांब सरळ सळई घाला, आणि पूर्ण वेल्डिंग थंड होईपर्यंत ती काढू नका. ताण येणाऱ्या सांध्यांना ७०१८ जातीची सुकी वेल्डिंगची काडी. आपल्या दमट हवेत उघडी पडलेली काडी ओल धरते आणि वेल्डमध्ये भोकं पडतात. गाडीजवळ वेल्डिंग असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवा आणि पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा.

पुढच्या चाकांत बऱ्याचदा नुसते बुश असतात. त्यांच्या जागी बॉल बेअरिंग बसवा, टायर जास्त थरांचे घ्या, आणि टायरच्या कडेला छापलेली भारमर्यादा वरच्या हिशोबाशी ताडून पाहा. प्रत्येक चाकावर सुमारे १६७ किलो येणार आहेत. उभ्या गाडीचं स्टिअरिंग जोर लावून फिरवलं तर खालच्या पत्र्याच्या दातेरी चकतीचे दात जातात. गाडी किंचित सरकती ठेवूनच वळवायची.

## तेलाचा दाब हवा तेवढाच

सिलिंडर म्हणजे उलट्या कामाची सिरिंज. मागून तेल ढकललं की दांडा बाहेर येतो. जोर निघतो दाब गुणिले क्षेत्रफळ असा. ४० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ १२.६ चौरस सेंटिमीटर. ७० बार दाबाला एक सिलिंडर सुमारे ९०० किलोचा जोर देतो, दोन मिळून १८००. पण सिलिंडर हाताच्या मुळाशी ढकलतो आणि माल टोकाला असतो. हे प्रमाण एकास दहा असेल तर टोकाला १८० किलो उरतात. त्यातून हातांचं आणि बकेटचं वजन वजा केलं की माल सव्वाशेच्या आसपास. आपल्याला एवढंच हवं.

बाजारातले व्हॉल्व्ह याच्या दुप्पट-तिप्पट दाब सहज देतात. पण त्यातला रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा जादा दाब सोडून देणारा भाग, गेज लावून ७० बारवर बांधायचा. गाडी पेलेल त्याहून जास्त लोडरने उचलूच नये, ही व्यवस्था या एका स्क्रूत आहे.

पंप फिरवायचा कशाने? बहुतेक लॉन ट्रॅक्टरांच्या इंजिनाचा दांडा खाली निघतो, म्हणून पात्यांच्या पुलीवरून पट्टा घ्यावा लागतो. मिनिटाला १२ लिटर तेल आणि ७० बार यांना जेमतेम अडीच अश्वशक्ती लागते, इंजिनाला ते जड नाही. जड जातं ते पंपाला: साध्या गिअर पंपाचं बेअरिंग पट्ट्याचा आडवा ओढा सहन करत नाही आणि पुढच्या सीलमधून तेल येऊ लागतं. पुली वेगळ्या बेअरिंगवर बसवून पंप कपलिंगने जोडावा. शिवाय काही गाड्यांत पात्यांचा स्विच चालू असताना रिव्हर्स टाकला की सुरक्षेसाठी इंजिन बंद पडतं. ते बिघाड समजून तारा कापू नका. सीटखालचा स्विच तर कधीच काढू नका.

दुसरा मार्ग टिपर ट्रॉलीला असतो तसा १२ व्होल्टचा पॉवर पॅक, म्हणजे बॅटरीवरची मोटर आणि पंप एकत्र. उचलताना तो दीडशे अँपिअरच्या घरात करंट ओढतो. पाच सेकंदांच्या एका उचलीचा खर्च भरून काढायला गाडीच्या दहा-पंधरा अँपिअरच्या चार्जिंगला मिनिटभर लागतं. कारची बॅटरी लावली आणि दोन उचलींत तेवढी उसंत दिली तर घरच्या कामाला हा मार्ग पंप आणि पट्ट्यापेक्षा सोपा आहे. बकेट ओतायला दुसरा सिलिंडर नको असेल तर खिट्टी ओढली की स्वतःच्या वजनाने पुढे पडणारं बकेट करा.

टाकी ८-१० लिटरची, तेल ४६ किंवा ६८ ग्रेडचं, परतीच्या वाटेवर फिल्टर. सांध्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. बीएसपी जातीच्या पाइपच्या आट्यांना रबर-धातूचा वॉशर लावा. आणि गळती कधी बोटाने चाचपू नका. बारीक भोकातून सुटलेलं तेल कातडीत शिरतं, बाहेर जखम टाचणीएवढी दिसते, आत हात सडू लागतो. पुठ्ठा फिरवून गळती शोधा, आणि तेल शिरल्याची शंका जरी आली तरी दुखण्याची वाट न पाहता तडक बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठा.

## इंजिन वीस अश्वशक्तीचं, मग खणायला काय हरकत?

इंजिन आणि मागची चाकं यांच्यामध्ये ट्रान्सअ‍ॅक्सल असतो. गिअरबॉक्स आणि आस एकाच डब्यात. तेलाच्या दाबावर चालणारे हलके प्रकार, उदाहरणार्थ टफ टॉर्कचा के-४६, गवत कापत पुढे जाण्यासाठी केलेले आहेत. बकेट जमिनीत रुतवून इंजिन रेटलं की आतलं तेल तापतं, पातळ होतं, आणि गाडी गरम झाल्यावर चढ चढेनाशी होते. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन दगडासारखी असते, तिथे या लोडरने खणणं म्हणजे ट्रान्सअ‍ॅक्सल फुकट घालवणं. सुटा ढीग उचला. जमीन कुदळीने किंवा भाड्याच्या यंत्राने सुटी करून घ्या.

## मग मिनी ट्रॅक्टरच का घेऊ नये?

रोज माती हलवायची असेल तर तोच घ्यावा. पंधरा अश्वशक्तीचा डिझेल मिनी ट्रॅक्टर साधारण ७००-८०० किलोचा, ओतीव सांगाड्याचा असतो, आणि हायड्रॉलिक त्यात मुळातच असतं. पण गाडी शेडमध्ये आहेच, कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, महिन्याला दहा-वीस फेऱ्या खत न्यायचं आहे, आणि पाठ आता घमेलं उचलू देत नाही, अशा घरी शंभर किलोचा लोडर चोख काम देतो.

ही गाडी नोंदणीकृत वाहन नाही, त्यामुळे शेजारच्या भाटात न्यायलाही सार्वजनिक रस्त्यावर उतरवू नये. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लोडर हाताशी आला की घरामागची टेकडी थोडी सपाट करण्याचा किंवा सखल जागेत भराव घालण्याचा मोह होतो. गोव्याच्या नगरनियोजन कायद्याचं, १९७४ च्या, कलम १७-अ परवानगीशिवाय डोंगरकापणीला आणि सखल जमिनीत भराव टाकायला मनाई करतं. यंत्र घरगुती आहे म्हणून त्यातून सुटका नाही.

## पहिला दिवस

सपाट जागेवर, मागचं वजन लावून, बकेटमध्ये आधी २५ किलोची एक गोणी ठेवा. जमिनीपासून वीतभर उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं बघत राहा: बकेट खाली उतरतं का, कुठे तेल पाझरतं का. मग गोण्या एकेक वाढवत चारपर्यंत जा. प्रत्येक वेळी पुढची चाकं वरून आत-बाहेर कललीत का ते पाहा आणि गाडी हळू चालवून ब्रेक मारून पाहा. चार गोण्यांवर मागची चाकं घसरली तर मागे वजन वाढवा. पाचवी गोणी ठेवून पाहा: ती उचलली जाईल. पण सहावी, म्हणजे दीडशे किलो, उचलली गेली तर रिलीफ व्हॉल्व्ह आणखी खाली आणा.

पहिले दहा तास काम झालं की सगळे बोल्ट पुन्हा आवळा आणि वेल्डजवळचा रंग बारकाईने बघा. तडा दिसण्याआधी तिथे गंजाची केसासारखी रेष उमटते. मे अखेरीस लोडर उतरवताना सिलिंडरचे दांडे पूर्ण आत घेऊन ठेवा, जो भाग उघडा राहील त्याला जाड ग्रीस चोपडा. खाऱ्या हवेने दांड्यावरच्या क्रोमला एकदा खड्डे पडले की पुढच्या मोसमात कितीही नवी सीलं घातली तरी ती टिकत नाहीत.